ऑल्डनचा एका तासाचा पक्ष

दीडशे सह्या? एका संध्याकाळचं काम! असं मी माझ्या धाकट्या भावाला, ऑल्डनला, त्याच्या गोठ्याच्या दारात उभी राहून सांगितलं आणि वर चुटकीही वाजवली. ती चुटकी मला फार महागात पडली.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या वर्षी सरकारने भर जानेवारीत अख्ख्या अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे ढकलली. इंधन वाचेल म्हणे! आमच्या ईस्ट कॉर्बीतल्या माणसांनी मुकाट्याने काटे फिरवले. ऑल्डनच्या बावन्न गायींनी मात्र साफ नकार दिला. मग ऑल्डननेही घरातलं एकही घड्याळ हलवू दिलं नाही आणि थेट राज्याच्या विधानसभेसाठी स्वतःचा पक्ष काढला. नाव, सूर्यवेळ पक्ष. सभासद दोन, तो आणि मी. तो उमेदवार, म्हणजे बाकी सगळा पक्ष मी!

मोठ्या पक्षांची नावं मतपत्रिकेवर बिनबोभाट छापली जात. आमच्यासारख्या चिल्लर पक्षाला आधी दीडशे नोंदलेल्या मतदारांच्या सह्या आणून दाखवाव्या लागत, तेही सप्टेंबरातल्या ठरलेल्या बुधवारी, संध्याकाळी पाचच्या आत, नगर कचेरीत.

"विनी, निवडून येण्याचं सोड," ऑल्डन म्हणाला. "नाव छापलेलं दिसलं की पुरे. बाबांनी आयुष्यभर सूर्य पाहून दूध काढलं. ते चुकीचं नव्हतं, एवढं कुठेतरी छापलं जाऊ दे."

असं बोलणाऱ्या भावापुढे चुटकी वाजवण्याशिवाय बहीण काय करणार?

शनिवारी चर्चमध्ये चिकन पायचं, म्हणजे चिकन भरून भाजलेल्या पेस्ट्रीचं, जेवण होतं. वाढायला मी. डाव्या हातात सह्यांचे कागद, उजव्या हातात डाव! सही केल्याशिवाय ताटात काही पडणार नाही, असं मी जाहीरच केलं. तासाभरात एकशे त्रेसष्ट सह्या! पक्ष काय आहे हे एकानेही विचारलं नाही. क्रॅनबेरीचा मुरंबा संपला का, हे मात्र चाळीस जणांनी विचारलं.

सोमवारी ऐटीत कचेरीत गेले. तिथल्या मिस बॅस्कम म्हणजे फूटपट्टीला चष्मा लावावा तशी बाई. त्यांनी मतदार यादी उघडली आणि लाल पेन्सिल उचलली.

"विनी, मर्ल स्टॅनर्डने दोनदा सही केलीय."

"एक त्याची. दुसरी त्याच्या बायकोची."

"यादीत 'मिसेस मर्ल स्टॅनर्ड' नावाचं कोणी नाही."

"अहो, दर रविवारी तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहून गाता की!"

"मी गाते. यादी गात नाही."

आमच्या काळी बाईचं लग्न झालं की ती सही नवऱ्याच्या नावाने करायची. मिसेस अमुक, मिसेस तमुक! आणि मतदार यादीत मात्र तिचं स्वतःचं नाव. लाल पेन्सिल नांगरासारखी चालत गेली. अठ्ठावन्न बायका बाद! उरल्या एकशे पाच.

मग काय, ऑल्डनचा दुधाचे कॅन नेणारा ट्रक आणि आम्ही दोघं, दारोदार. पहिलं घर स्टॅनर्डांचं.

"मर्ल, तुझ्या बायकोचं नाव काय रे?" ऑल्डनने विचारलं.

मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. "मुलं झाल्यापासून मी तिला 'आई'च म्हणतोय... थांब. आई! ए आई! तुझं नाव काय गं?"

"आधी बूट काढ, मग विचार!" आतून उत्तर आलं. मागोमाग स्वतः बाई आल्या. "हेप्झिबा! झालं समाधान? असलं पणजीच्या काळातलं नाव, म्हणून तर मिसेस मर्ल लिहिते! आता गावभर करा!" पण सही ठोकून दिली.

असं करत बुधवारी दुपारी एकशे एकोणपन्नासवर आलो. शेवटचं घर अर्लीन फिचचं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिने सावकाश 'अर्लीन' लिहिलं आणि कागद जरा लांब धरून पाहिला.

"अक्षर अजून माझंच आहे की गं, विनी," ती म्हणाली आणि आम्हाला कॉफी, सफरचंदाचा केक वाढला. केकला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

"किती वाजले रे?" मी दुसऱ्या तुकड्यावर विचारलं.

ऑल्डनने खिशातलं घड्याळ पाहिलं. "साडेतीन. निवांत खा."

मी तिसरा तुकडा घेतला आणि तोंडातला घास तिथेच अडला. "मेल्या, कोणाचे साडेतीन?"

"सूर्याचे."

"आणि कचेरी कोणाची? तुझ्या गायींची?"

ट्रक उधळला! वाटेत गवताची गाडी, पुढे मेंढ्या, त्यांच्यापुढे एक पाद्री. पोहोचलो तेव्हा मिस बॅस्कम दारावरची पाटी उलटी करत होत्या. मी पाय दारात घातला. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला, सह्या तपासल्या. दीडशे बरोबर!

"पावतीवर कागद दिल्याची वेळ उमेदवाराने स्वतः लिहायची," त्या म्हणाल्या.

ऑल्डनने लिहिलं, तीन सत्तावन्न.

"तीन सत्तावन्नला मी इथेच होते. तुम्ही नव्हता."

"ऑल्डन," मी म्हटलं, "बाबांसाठी!"

त्याने डोळे मिटले, खाडाखोड केली आणि लिहिलं, चार सत्तावन्न. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "गायींना सांगू नकोस."

नाव छापून आलं. नमुन्याची मतपत्रिका त्याने गोठ्यात बाबांच्या स्टुलाच्या वरच खिळ्याने ठोकली. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकारने नेमाप्रमाणे घड्याळं पुन्हा मागे घेतली! गावाला त्याचा तास परत मिळाला, राग निवला, आणि मतदान त्यानंतर नऊ दिवसांनी.

संध्याकाळी मिस बॅस्कमनी आमच्या गावचे आकडे फळ्यावर लिहिले. सूर्यवेळ पक्ष, एक.

ऑल्डनने फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"विनी, पक्षात आपण दोघं होतो ना?"

आता सांगायला हरकत नाही. समोरच्या उमेदवाराने माझ्या दारापुढचा रस्ता नीट करून देतो म्हटलं होतं.

"चल चल," मी घाईने कोट घालत म्हणाले, "गायींची वेळ झाली!"