ऊनवाला इसाकु

इसाकु माएगावाला सगळं गाव 'ऊनवाला' म्हणायचं. तो आला की ढग पांगतात, अशी त्याची ख्याती. त्यामुळे लग्न असो, शाळेची सहल असो, इसाकुला आग्रहाचं बोलावणं असे. बायको तोमिएही बरोबर असायची, पण तिला सगळे 'पाऊसवाली' म्हणत. ऊन पडलं की ते इसाकुचं, चार थेंब आले की ते तिचे.

ऑगस्टात तोमिए लेकीच्या बाळंतपणाला मात्सुयामाला निघाली. "राहशील ना नीट?" असं म्हणायचं सोडून इसाकु म्हणाला, "जा, माझं काही अडत नाही." नातू झाला, बारसं झालं, तरी ती परतली नाही.

बालवाडीच्या खेळांच्या दिवशी इसाकु ऐटीत पहिल्या रांगेत बसला आणि पाऊस कोसळला. मुख्याध्यापिकाबाई चिखलात घसरत थेट शेवटच्या रेषेपार गेल्या आणि पोरांच्या आधी शर्यत जिंकल्या. मग शेजारीण कियोने 'काकी' नावाची केशरी फळं सोलून सुकायला टांगली आणि त्यांच्याजवळ इसाकुला बसवलं. फळांना बुरशी आली.

"इसाकुसान, रविवारी आमच्या लेकीचं लग्न आहे," कियो त्याच्या घरी येऊन चाचरत म्हणाली. "तुम्ही... घरीच आराम करा हं."

तेवढ्यात फोन वाजला. तोमिए होती.

"कसे आहात?"

"मजेत."

"खोटं बोलू नका. वरून सूर्यदेव बघतायत."

"कुठले बघतायत? पंधरवडाभर ढगाआड बसलेत."

"अगंबाई! इकडे तर लख्ख ऊन. इथे मला ऊनवाली म्हणतात. कुणाला गादी वाळवायची असली की मला गॅलरीत नेऊन बसवतात."

हे जवळच उभ्या कियोलाही ऐकू आलं. तिने इसाकुच्या हातून रिसीव्हर हिसकावला. "तोमिएसान, तुम्हीच ऊनवाल्या! लग्नाला या हो!"

"फोन त्यांना द्या," तोमिए म्हणाली. मग इसाकुला म्हणाली, "कियोसानना ऊन पाहिजे, ते कळलं. तुम्हाला काय पाहिजे?"

इसाकुने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिची गादी ऑगस्टापासून घडी घालून ठेवलेली होती. रोज एकट्यासाठी भात शिजवताना तो चुकून दोघांचा टाकत असे, आणि उरलेला मुकाट्याने सकाळी खात असे. यातलं काही त्याला सांगता येईना.

"पाऊस घेऊन आलीस तरी चालेल," तो म्हणाला. "पण ये."

"असं काय सांगताय!" कियोने त्याला कोपर मारलं.

शनिवारी तोमिए आली. रविवारी, नवरानवरी देवळाच्या पायऱ्या चढत असताना, आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. पाहुणे पळाले, नवरीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या शिरोवस्त्राचं पोतेरं झालं. कियो भिजलेल्या केसांनी दोघांसमोर येऊन उभी राहिली.

"आता बोला, हा कुणाचा?"

तोमिएने सवयीने माफी मागायला मान झुकवली. पण इसाकु तिच्यापुढे आला.

"माझा," तो छाती काढून म्हणाला. "मीच मागवलाय."

तोमिएने मान वर केली आणि हळूच त्याच्या ओल्या कोटाची कॉलर सरळ केली.