फटीवर पाय नको

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९३३. रक्कम एक रुपया. हजर: मी, माझी बायको, बोर्लीचा मांडववाला आणि शेजारचा धर्मादादा तांडेल. त्यांपैकी धर्मादादा अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीवर मांडी घालून बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

आमच्या दोन घरांना मिळून एकच अंगण, जांभ्या चिऱ्यांचं. धर्मादादाचा जन्म गलबतावर गेला. पण तीन वर्षांपूर्वी त्याला झाडांचं वेड लागलं, तेही महाबळेश्वरच्या. जावई तिकडे मोटार चालवतो. तो येताना डब्यात रोपं आणी आणि दादा ती चिऱ्यांच्या फटीत लावी. "डोंगरावर ती कातळाच्या फटीतच ऱ्हातात," म्हणे. खारा वारा लागू नये म्हणून जुन्या शिडाचा आडोसा, दुपारी वर ओलं गोणपाट. आल्यागेल्याला रामराम नाही, "फटीवर पाय नको!" माझ्या मुलीचं ठरवायला व्याही आले, तेसुद्धा चिऱ्या-चिऱ्यावर उड्या मारत ओटीवर पोचले.

एवढं करून रोपं मरतच. एकवीस आली, वीस गेली. उरली पिवळ्या फुलांची एक सोनकी. मुलीच्या लग्नाच्या मांडवाचा मधला खांब नेमका तिथं यायचा. चिऱ्याला खड्डा पडत नाही, खांब फटीतच रोवायचे.

मांडववाला म्हणाला, "पिंपात वाळू भरून खांब उभे करतो. रुपया जास्त पडंल."

"एवढ्याशा गवताला रुपया?" मी म्हणालो.

"गवत न्हाय त्ये, भाऊ. तुमची पोर जवळच्या तळे गावात चाललीय, चालत गेलं तरी गाठंल. माझी जनी घाटावर हाय. पयल्याच थंडीत तापानं लोळागोळा झाली. तीन वर्सं झाली, सासू धाडत न्हाय. जावई 'बरी हाय' म्हणतो, पण त्यो दुसरं काय म्हणनार? तवा मी ठरवलं, तिकडचं हिकडं जगलं, तर हिकडचं तिकडं जगंल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मांडववाल्याला पिंपं आणायला सांगितलं. त्याच दिवशी तिनं जनीच्या सासूला आग्रहाचं बोलावणं धाडलं.

पिंपांचं ऐकून दादाच उठला. "खांब कशाला? दोरखंड काढा!" मुहूर्तमेढ कोपऱ्यात रोवली. बाकीचा मांडव दादानं माडामाडांना दोर बांधून शिडासारखा ताणला. मांडववाला नुसता बघत राहिला. रुपया वाचला.

लग्नादिवशी जनी आली. अंगानं भरलेली, गाल तांबडे. "बाबा!" म्हणून सरळ अंगणातून धावली आणि तिचा पाय पडला तो सोनकीवरच.

"अगं, फट!" माझी बायको ओरडली.

दादानं खाली पाहिलंसुद्धा नाही. तो लेकीचं तोंड बघत होता.

"असूं दे, वैनी," तो म्हणाला. "सोनकीचं काम झालं."

मांडववाल्याला ठरलेले पाच रुपये दिले. वाचलेला सहावा जनीच्या हातावर ठेवला, चोळीसाठी.