बंडूचं दुसरं घर

कुंदाताई रोज सकाळी कुत्र्याचं तोंड हुंगतात. बरोबर वाचलंत. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गेटपाशी, दूध आणायला निघालेल्या सभ्य लोकांच्या देखत, त्या बंडूचा जबडा दोन्ही हातांनी धरतात, नाक जवळ नेतात आणि विचारतात, "काल संध्याकाळी कुठे होतास? खरं सांग."

ठाण्याच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई. उलटतपासणी हे वकिलांचं काम, पण कुंदाताई म्हणतात, "जन्मभर नुसती ऐकली. आता करते."

गल्ली त्यांच्या ताब्यात आहे. घंटागाडीवाल्याला त्या कचरा वेगळा करून देतात आणि वर त्याचीच शिकवणी घेतात. मांजरीची पिल्लं, पंख मोडलेले कावळे, सगळे त्यांचे अशील. मात्र या दयेत वाटेकरी चालत नाही. पहिल्या मजल्यावरच्या पेडणेकरांनी चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं टांगलं, तर कुंदाताईंनी त्याहून मोठं टांगलं. तरी चिमण्या पेडणेकरांकडेच गेल्या. "चिमण्यांना मेलं काही कळत नाही," असा निकाल लागला.

बंडू हा तांबडा, कानाला खाच असलेला कुत्रा. ती खाच नसबंदीची खूण. ते ऑपरेशनही ताईंनीच करवून घेतलं. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहतो, बंडूला बिस्किटं घालतो, तरी तो माझ्यावर भुंकतो. ताईंची चप्पल वाजली की मात्र त्याचं सगळं अंग शेपूट होतं. मला याचा मत्सर वाटतो, हे इथेच सांगून टाकतो. म्हणूनच ज्या दिवशी बंडूच्या तोंडाला सुक्या बोंबलाचा वास आला, त्या दिवशी मी आतून फार सुखावलो.

"आपल्या इमारतीत बोंबील कोण करतं?" ताईंनी मला विचारलं.

"या इमारतीत? कोणी नाही."

"म्हणजे बाहेरचं प्रकरण आहे."

आम्ही बंडूच्या मागे निघालो. त्या पदर खोचून पुढे, मी तमाशा चुकू नये म्हणून मागे. गल्ली संपते तिथे खाडीकडच्या जुन्या गावाची घरं लागतात. बंडू एका ओटीवर चढला आणि बाजारात मासळी विकणाऱ्या रेवती म्हात्रेच्या मांडीवर डोकं ठेवून पडला.

"बंडू!" ताई कडाडल्या.

"कोन बंडू? यो माजा राजा हाय," रेवती म्हणाली.

"हा माझ्या दूध-पोळीवर वाढलाय!"

"म्हनून इकरं येतं तो." रेवती खळखळून हसली. "अगो ताय, कुत्रा हाय तो, जावय नाय. दोन घरी जेवला त कुनाचा काय गेला?"

कुंदाताईंचं बरंच काही गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दूध-पोळीवर तूप आलं. मग उकडलेलं अंडं आलं. ते सोलताना ताई नाकाला पदर लावत. बंडू ते खाई, ढेकर देई आणि ओटीकडे चालू लागे.

मग बंडू जमिनीला बूड घासू लागला. जंत झाले होते. ताईंनी डॉक्टरांना विचारून गोळी आणली, पेढ्यात घालून दिली आणि सगळ्या गल्लीला ऐकवलं, "त्या बाईला हे सुचणार आहे का?"

त्याच संध्याकाळी बंडू गेटपाशी आडवा पडला होता. उलट्या होत होत्या, पाय थरथरत होते. मी रिक्षा थांबवली. भुंकण्याचंही त्राण त्याच्यात नव्हतं. पहिल्यांदाच त्याने मला उचलू दिलं. ताई आणि मी दवाखान्यात पोचतो तो, गल्लीत बातमी कळलेली रेवती मागून धावत आली. हाताला मासळीचे खवले तसेच.

डॉक्टरांनी विचारलं, "नाव?"

"बंडू."

"राजा."

"पेशंट एकच आहे ना? जंताची गोळी दिलीत?"

"दिली," ताई म्हणाल्या.

"मीनी पन दिली," रेवती म्हणाली. "करंजीत घालून. आजच."

दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे नीट पाहिलं. डॉक्टर सलाईन लावत होते. कुंदाताईंचा हात बंडूच्या पाठीवर होता, रेवतीचा पोटावर.

तासाभराने त्याने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय. पण चार दिवस जिने चढवू नका. जमिनीलगतची जागा हवी, आणि कोणीतरी सतत जवळ."

आमचा मजला तिसरा, इमारतीला लिफ्ट नाही. कुंदाताईंनी बंडूच्या तोंडावरची लाळ पदराने पुसली. मग रेवतीला म्हणाल्या, "तुझ्या ओटीवर घेऊन जा."

"आन तुमी?"

"मी कशाला? त्याला तुझी सवय आहे."

"तुमची नाय? चला गपचूप."

ओटीवर गोधडी टाकून बंडूला निजवलं. ताई त्याच्या उशाशी भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळाने रेवतीने ताट आणलं. "वरन-भात हाय. टोप येगला घासून केलाय, वास नाय यायचा."

सगळ्या गल्लीला खाऊ घालणाऱ्या या बाईला आयतं ताट वाढून आणलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ताईंनी ताट जवळ ओढलं. मग खाली मान घालून, एकेक घास घेत जेवल्या. ताट रिकामं झालं.

"आनखी भात?" रेवतीने विचारलं.

मला वाटलं, आता नको म्हणतील. दुसऱ्याच्या घरी त्या पाणीसुद्धा घेत नाहीत.

ताईंनी ताट पुढे केलं. "वाढ," त्या म्हणाल्या.