आपोआपचा रकाना

सन १९३८च्या चैत्रात एक गंभीर बाब वरच्या कार्यालयाच्या निदर्शनास आली. वऱ्हाडातले रोगी सरकारी औषधाने बरे होतात, पण समाधानी होत नाहीत. हकिमाकडचे रोगी मात्र बरे होवोत न होवोत, समाधानी असतात. सबब बुलढाणा जिल्ह्यात हुकूम सुटला: यापुढे रोग्यास प्रथम समाधान द्यावे; औषध त्यानंतर, शिल्लक वेळेनुसार.

हुकूम जानेफळकडच्या एका गावी पोहोचला त्यानंतर पंधरा दिवसांनी रुख्मिणीची दीड वर्षांची कुसुम तापाने फणफणली. रुख्मिणी नागपूरला इंटरपर्यंत शिकलेली. तिने थर्मामीटर लावला: एकशे तीन. पोरीला पदराखाली घेऊन तिने दवाखाना गाठला. सोबत सासू, गीताबाई.

रांग कडुलिंबाच्या पलीकडे गेली होती. पूर्वी डॉक्टर मान वर न करता मिनिटाला दोन रोगी उरकत. आता ते डोळे मिटून एकेकाची नाडी धरून बसले होते, हुकुमाप्रमाणे किमान दहा मिनिटं. मग विचारत, "आंबट खाता? स्वप्नं पडतात? सासरी सगळं ठीक?"

गीताबाई भारावल्या. "पाह्य वो, कशी नाडी धरते! अस्सल वैद्यच!"

"आत्याबाई, आपला नंबर कधी लागेल?"

नंबर लागलाच नाही. बारा वाजता कंपाउंडर पंजाबरावांनी खिडकी लावली. "आजचं समाधान संपलं. उद्या या."

"अहो, पोरीला एकशे तीन ताप आहे!"

"ताप बरोबर हाये, बाई. पण सध्या आमच्याकडे समाधानाचं काम चालू हाये."

मग ती हकीम फकीर मोहम्मदांच्या ओट्यावर गेली. नाडीचे शौकीन दवाखान्याकडे वळल्यापासून हकिमांनीही सुधारणा केली होती: गळ्यात नळी, पुढ्यात टेबल, मान खाली. पूर्वी रोग्याच्या घरच्या शेळीचीसुद्धा विचारपूस करणारा हा माणूस नळी कानात न घालताच म्हणाला, "बुखार? लाल बाटली, तीन वक्त. चलो, पुढे!"

"हकीमजी, नाडी तर पाहा."

"नाडी पाह्याची तर दवाखान्यात जा, बेटा. यहाँ सायन्स चलता."

घरी येऊन रुख्मिणीने बूच काढून वास घेतला. रंग आणि साखर. बाटली तिने मोरीत ओतली आणि दोन दिवस ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसत, चमच्याने पाणी पाजत बसली. एकदा कुसुमचे डोळे फिरल्यासारखे झाले. तेव्हा तिने डॉक्टर आणि हकीम दोघांनाही मनातल्या मनात माफ करून टाकलं. फक्त कुणीतरी यावं. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगावर गुलाबी पुरळ उमटलं, ताप उतरला आणि पोरीने भाकर मागितली.

दुपारी पंजाबराव तक्ता घेऊन हजर. "बोला, समाधान कोणाकडून? दवाखाना का हकीम?"

"कोणाकडूनच नाही. ताप आपोआप उतरला."

"आपोआपचा रकाना नाही, बाई. अन् असमाधान लिवलं तर चौकशी लागते. मंग पोरीले पुन्हा तापासकट हजर करा लागन."

रुख्मिणीने दवाखान्याच्या रकान्यात सही केली. हकिमांनी मागितलेलं प्रशस्तिपत्रही तिने चांगल्या इंग्रजीत लिहून दिलं. गावात राहायचं होतं.

संध्याकाळी शेजारची अमीरबी आली. खांद्यावर तिचा तापलेला पोरगा. "भाभी, कुसुमले कोणाचा गुण आला वो? मी कुठं जाऊ?"

रुख्मिणीने पोराच्या कपाळावर हात ठेवला. खरं सांगायचं तर 'मला माहीत नाही' म्हणावं लागलं असतं. शिकल्यासवरल्या बाईला ते शोभलं नसतं, आणि अमीरबीच्या डोळ्यांपुढे ते म्हणवेनाही.

"दवाखान्यातच जा. आम्हाला तिथलाच गुण आला."

अमीरबीचा चेहरा उजळला. उद्या पहाटेच रांगेत बसते, म्हणाली.

रुख्मिणीला दोष देऊ नका. तुमच्याही फडताळात एक बाटली आहे, आणि मागच्याच आठवड्यात ती तुम्ही कुणाला तरी नेऊन दिलीत. हमखास गुण येतो म्हणून.