सुतार पदावरील फुटबॉल मॅनेजर

मिस्टर ग्लेन पॅडॉक यांना फुटबॉल संघाच्या मॅनेजरपदावरून काढून टाकण्यात आले आहे. तसे काहीही घडलेले नाही. दोन्ही विधाने आखातातल्या आमच्या फुजैराच्या जहाजपुरवठा कंपनीची असून दोन्ही एकाच दिवसाची आहेत.

माणसाची योग्यता त्याच्या कागदांवरून कळते, आणि मिस्टर ग्लेन यांचे कागद भरपूर. इंग्लंडमध्ये सतरा वर्षांत चौदा क्लब, एकूण गोल नऊ (पैकी चार स्वतःच्याच जाळ्यात, पण गोल तो गोल). ते ज्या क्लबात गेले तो त्याच वर्षी खालच्या श्रेणीत उतरला. एवढं सातत्य मोठमोठ्यांना जमलेलं नाही. असा माणूस गुडघे संपल्यावर मॅनेजर होणारच.

आमचे मालक अन्वरभाई मूळचे दापोलीकडचे. कंपन्यांच्या स्पर्धेसाठी शेजारच्या टर्मिनलवाल्यांनी ब्राझीलचा कोच आणला, म्हणून यांनी इंग्लंडचा मॅनेजर मागवला. व्हिसा काढताना कळलं, कोट्यात एकच जागा शिल्लक आहे: सुतार.

"टाका सुतार," अन्वरभाई एचआरच्या मृणालिनी मॅडमना म्हणाले. "कागदावर काय, काहीपण असतं. यल्ला, चला."

तीन वर्षांत संघ सदुसष्ट सामने खेळला. साठ हरला, पाच बरोबरीत सोडवले, दोन जिंकला (एकदा समोरचा संघ चुकून दुसऱ्याच मैदानावर गेला, दुसऱ्या विजयाचं कारण अजून सापडलेलं नाही). सुतार म्हणून मात्र त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. तपासणीवाले आले की ते हातात करवत घेऊन फळीकडे एकटक बघत बसत. वार्षिक शेरा सलग तीनदा 'उत्कृष्ट'.

मागच्या आठवड्यात टर्मिनलवाल्यांनी अकरा-शून्यने हरवलं आणि अन्वरभाईंनी मैदानातच 'खलास' म्हटलं. मृणालिनी मॅडमनी फाइल उघडली.

"अन्वरभाई, मॅनेजर आपण नेमलेलाच नाही. काढू कसा?"

"मग सुतार काढा."

"सुतार उत्कृष्ट आहे. कारण काय लिहू?"

अन्वरभाईंनी चहा मागवला. मिस्टर ग्लेन यांना तोंडी काढण्यात आलं आणि लेखी ठेवण्यात आलं.

इथवर सगळे खूश होते. पण त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या त्यांच्या गावच्या क्लबाने त्यांना बोलावलं. त्यांची मुलगी तिथेच असते. तिचे गेले तीन वाढदिवस त्यांनी फोनवर पाहिलेत. क्लबाची अट एकच, मॅनेजर म्हणून अनुभवाचा दाखला येत्या शुक्रवारपर्यंत हवा. (हाकललेला असल्यास उत्तम. कधीच न हाकललेला मॅनेजर त्यांच्यात कच्चा समजतात.)

मिस्टर ग्लेन मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. हिंदी ते संघाकडून शिकलेत.

"मॅडम, लिखो ना. मैं बहुत खराब मॅनेजर था."

"मिस्टर ग्लेन, आप बहुत अच्छे सुतार थे, एवढंच मी लिहू शकते."

"लेकिन वो तो मैं नहीं हूँ!"

"ते रेकॉर्डवर नाही."

मॅडम निर्दय नाहीत. त्यांनी नियम शोधला. दाखल्यात दुरुस्ती करायची तर दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराचं कागदावरचं पद आणि प्रत्यक्ष काम एकच हवं. लगेच ऑफिसात शोध सुरू झाला. हम्माद कॉम्प्युटर दुरुस्त करतो, व्हिसाच्या कार्डावर वेल्डर. रिसेप्शनवरची फिझा कार्डावर शिंपी. मृणालिनी मॅडम स्वतः अरबी टंकलेखक (अरबी त्यांना 'इन्शाल्ला'पर्यंत येतं). शोध अबुधाबीमार्गे दुबई मरीनातल्या चकचकीत ऑफिसांपर्यंत पोचला. तिथे सगळ्यांच्या कार्डावर 'डायरेक्टर' किंवा 'हेड' होतं. दिवसभर नेमकं काय करता, असं विचारल्यावर सगळ्यांनाच मीटिंग निघाली.

सबब वाचकांस विनंती की, ज्यांच्या कार्डावर छापलेलं काम ते खरोखरच करतात, अशा कोणत्याही दोन व्यक्तींनी गुरुवारी दुपारी चारच्या आत मूळ कार्डासह आमच्या फुजैरा कार्यालयात हजर राहावे. स्वतःबद्दल खात्री असल्यास तेवढ्यावर निघू नये. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा लेखी दुजोरा सोबत आणावा.