बुलबुलाची शिकवणी

यंदा वसंतात बाहेरगावी जायचं नाही. पक्षी, फुलं, संगीत, सगळं घरच्या गॅलरीत बसूनच उपभोगायचं, असं सूरमास्तरांनी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा मास्तरांचा धंदा. कान असा तिखट, की शेजारच्या कुकरची शिट्टी किंचित बेसूर झाली तरी यांचा घास अडकायचा.

सुटीच्या पहिल्या सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या झाडावर बुलबुल गात होता. बायको गुलाबांना पाणी घालता घालता त्याच्यामागून गुणगुणत होती. दुसऱ्या कुणीही डोळे मिटून ऐकलं असतं. मास्तर म्हणाले, "शेवटचा सूर उतरतोय."

"कुणाचा? त्याचा की माझा?"

(इथे शहाणा नवरा पक्ष्याचं नाव घेतो.) मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोघांचा."

बायको पुन्हा गुणगुणली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. पाणी घालायची, चहा ठेवायची, आत जायची. मास्तरांना आधी वाटलं, बरी शांतता आहे. मग लक्षात आलं, की इतकी वर्षं घराला जो आवाज होता तो तिचाच होता. आता घर खायला उठत होतं.

माफी मागणं हा सरळ रस्ता होता, म्हणून मास्तर त्या रस्त्याने गेले नाहीत. ही सूर उचलते बुलबुलाकडून. तेव्हा बुलबुल सुधारला, की ही आपोआप सुधारेल आणि पुन्हा गाईल, असं त्यांनी गणित मांडलं. सूर लावायची छोटी शिट्टी घेऊन ते गॅलरीत उभे राहिले. बुलबुल गायला, की मास्तर त्याचा शेवटचा सूर दुरुस्त करून वाजवायचे.

बुलबुलाचा समज झाला, की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो कठड्यावर आला, ओरडला, मास्तरांच्या टकलावर झडप घातली आणि मास्तर खुर्चीमागे लपल्यावर उरलेला राग त्याने गुलाबांवर काढला. बायको धावत आली तेव्हा फरशीवर पाकळ्यांचा सडा पडला होता.

"हे काय चाललंय?"

"त्याला सूर देत होतो."

"अहो, तो मादीला बोलावतोय. परीक्षेला नाही बसलेला." ती पाकळ्या गोळा करू लागली. मान खाली घालूनच म्हणाली, "मीही नव्हते बसले."

मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली. "तू गुणगुणत नाहीस," ते कसेबसे म्हणाले, "तर मला करमत नाही गं."

"मग आज तुम्ही गा. मी ऐकते."

जन्मभर दुसऱ्यांचे सूर तपासणाऱ्या मास्तरांनी स्वतः कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं. बुलबुल तत्काळ उडून गेला. बायको मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि हसता हसता तीच धून गुणगुणत आत गेली. शेवटचा सूर जिथे उतरायचा तिथेच उतरला. मास्तरांना तो गोड लागला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे डॉक्टर उभे होते. आतला आवाज ऐकून म्हणाले, "वहिनी छान गातात हो."

"सूर एकदम पक्का आहे तिचा," मास्तर म्हणाले. धंद्याशी ते पहिल्यांदाच बेइमान झाले होते आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

"ते ऐकू येतंच आहे." डॉक्टरांनी बॅग उघडली. "पण मघाशी कण्हत कोण होतं? तुम्हीच ना? आ करा बघू."