बाईंना जरा डावीकडे घ्या

कला पाहण्यासाठी असते, असा एक गैरसमज समाजात दीर्घकाळ रूढ होता. तो दूर करण्याचं श्रेय आमच्या शहराच्या सुशोभीकरण विभागाला आणि अंशतः माझ्या मेव्हण्याला द्यावं लागेल.

मेव्हणा चित्रकार आहे. (नातेवाइकांत याला 'अजून काही ठरलं नाही' असं म्हणतात.) विभागाने त्याला बसथांब्यामागची भिंत रंगवायला दिली. त्याने तिच्यावर स्वतःची आई काढली; एक डोळा बारीक करून सुईत दोरा ओवणारी. सासूबाईंनी शिवणकाम करूनच त्याला वाढवलं होतं.

चित्र इतकं जिवंत उतरलं की जाणारे-येणारे थबकू लागले. थबकून चित्राकडे पाठ करू लागले आणि फोन उंच धरू लागले. विभागाने तातडीने पाहणी केली. बहुसंख्य नागरिकांचं चित्राबद्दलचं मत उत्तम होतं. उरलेल्यांनी ते पाहिलं होतं.

एक तक्रार मात्र गंभीर होती. म्हातारीचं डोकं नेमकं आपल्या डोक्यावर येतं आणि फोटोत आपल्याला अंबाडा फुटल्यासारखा दिसतो. विभागाच्या साहेबांनी मेव्हण्याला बोलावून घेतलं.

"चित्र फर्स्ट क्लास आहे हो. फक्त बाईंना जरा डावीकडे घ्या."

"साहेब, ती माझी आई आहे."

"मग तर ऐकतीलच."

मेव्हण्याने आईला डावीकडे घेतलं. पुढे सुई काढून टाकली (सार्वजनिक सुरक्षितता). मग बारीक केलेला डोळा गेला, कारण तो फोटो काढणाऱ्यांकडे संशयाने बघतो, असं एका जोडप्याचं म्हणणं पडलं. अखेर मधोमध दोन भलेमोठे पंख आले आणि रांग पार थांब्यापलीकडे गेली. मेव्हण्याचा सत्कार झाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

घरी सासूबाई रोज विचारायच्या, "झालं का रे माझं चित्र?"

"होतंय, आई. थोडं बाकी आहे."

हे खरंच होतं. त्या थोड्याच बाकी होत्या.

एका रविवारी त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, चला. तो काही मला नेत नाही."

रांग ओलांडून त्या सरळ भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या. तिथे पाण्याच्या पाइपाशेजारी एक कोपर आणि वीतभर दोरा शिल्लक होता. त्यांनी स्वतःचं कोपर वाकवून पाहिलं आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पंखांमधली मुलगी म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

"मी आधीपासून इथेच आहे गं," सासूबाई म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "कोपर छान जमलंय." मेव्हणा चपला घालून बाहेर गेला तो जेवायच्या वेळेलाच परतला.

पंखांमधली मुलगी हुशार निघाली. तिने फोनवर बोट फिरवून सासूबाई पुसल्या. जाता जाता कोपर आणि दोराही पुसला. विभागाला जे महिनोन्‌महिने जमलं नाही, ते तिने चालत्या बसमध्ये केलं.

तो फोटो तुम्हीही पाहिलात, बदामही दिलात. खाली तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिलं आहे, 'डावा कोपरा फार रिकामा वाटतो, तिथे एखादं माणूस काढा.' सूचना रास्त आहे. विभागाने ती मेव्हण्याकडे पाठवली आहे.